कॉर्डलेस फोन आणि घरातली लोकशाही

घरात कॉर्डलेस फोन घ्यावा की घेऊ नये, हा काय वर्तमानपत्रात चर्चा करण्याचा विषय आहे, असे कुणी विचारील. शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, ॲट्रॉसिटीचे खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि वकीलसाहेब फोनच्या डबड्यावर लिहायला बसले! पण आमचे म्हणणे असे की, जो प्रश्न उंबऱ्याच्या आत सुटत नाही तो उंबऱ्याबाहेर सुटल्याचा नुसता भास होतो. घरातल्या कोणी कोणाशी, कोणासमोर आणि किती वेळ बोलावे हे ज्याच्या हाती, घरची सत्ताही त्याच्याच हाती. सभेत आपण समतेवर तासभर बोलतो. घरात आपली आई, बहीण, पत्नी, सून पाच मिनिटे मोकळेपणाने फोनवर बोलू शकते काय, हेही एकदा तपासून पाहायला हरकत नाही.

आमचे आष्टी हे वर्धा जिल्ह्याच्या टोकाचे तालुक्याचे गाव. १९४२ च्या ऑगस्टातील हुतात्म्यांमुळे ते इतिहासात गेले. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. इथल्या लेकी मोर्शी, वरूड, अमरावती, नागपूरकडे दिलेल्या आणि शिकलेली पोरे पुण्या-मुंबईला. म्हणजे प्रत्येक घराचा अर्धा जीव दुसऱ्या गावात. अशा गावात फोन ही चैन नव्हे, नाते टिकवण्याचे साधन आहे.

आमच्या घरी लॅण्डलाइन आहे. पूर्वी तांब्याच्या तारेची होती, आता फायबरची आहे. फोनचा संच समोरच्या खोलीत, जिथे पक्षकार बसतात, कार्यकर्ते येतात, टीव्ही चालतो आणि चहाही तिथेच होतो. त्या फोनवर आई आमच्या बहिणीशी बोलते. मध्यंतरी तिला विचारले, तू इतके थोडके का बोलतेस? ती म्हणाली, "साऱ्याइच्या समोर मी पोरीसंग काय बोलू? बरं हाय ना? बरं हाय, एवढंच बोलतो अन् ठेवून देतो." त्या दिवसापासून घरात कॉर्डलेसचा विषय निघाला. मुलगा म्हणाला, मोबाइलच्या काळात कॉर्डलेस कशाला? आमच्या सहचारिणीचे म्हणणे पडले की, त्याच लाइनवर आतल्या खोलीत दुसरा साधा फोन लावून टाका, खर्च कमी. एक स्नेही म्हणाले, ही श्रीमंतांची हौस आहे. तेव्हा प्रत्येक बाजूचा युक्तिवाद नीट ऐकून घ्यावा, मग निकाल द्यावा, असे आम्ही ठरवले.

आधी थोडा इतिहास. आपल्या वस्त्यांमध्ये फोन उशिरा आला. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात चालणारे १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले आणि त्यानंतर खेड्यांकडे फोन खऱ्या अर्थाने वळला. तोपर्यंत गावात फोन म्हणजे पोस्टात, नाहीतर एखाद्या मोठ्या वाड्यात. पुढे एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या आल्या, शेजाऱ्याचा 'पीपी नंबर' आला. पीपी नंबरवर फोन आला की शेजारच्या घरात, त्यांच्या माणसांसमोर उभे राहून बोलावे लागे. ज्यांना दुसऱ्याच्या ओट्यावर चढण्याचा मान नव्हता, त्यांना तो निरोपही दारातूनच मिळे. म्हणून आपल्या माणसाने पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे कनेक्शन घेतले तेव्हा त्याला जो आनंद झाला, त्याची किंमत बिलाच्या रुपयांत मोजता येणार नाही.

पण घरात फोन आला म्हणजे तो घरातल्या सगळ्यांचा झाला काय? आठवून पाहा. टीव्हीशेजारी, विणलेल्या रुमालाखाली झाकलेला फोन. डायलला छोटे कुलूप, नाहीतर एसटीडीचा कोड. किल्ली आणि कोड कोणाकडे? घरच्या कर्त्या पुरुषाकडे. कारण बिलाचे सांगितले जाई आणि एसटीडी महाग होती हे खरेही आहे. पुढे १ मार्च २००६ पासून 'वन इंडिया' योजनेत देशभर एक रुपया मिनिट असा दर आला आणि ते कारणही उरले नाही. तरी कुलूप किती घरांतून निघाले? पैशाचे कुलूप निघाले, पण कानाचे कुलूप कायम राहिले. फोन वाजला की घरातले सगळे कान तिकडे, आणि ठेवला की पहिला प्रश्न: काय म्हणत होती?

आता मुलाचा युक्तिवाद, मोबाइलचा. बिनतोड वाटतो. २००५ च्या आसपास देशात चार कोटींच्या वर तारेचे फोन होते, २०२० च्या अखेरीस ते दोन कोटींच्या घरात आले. (नंतर फायबरमुळे पुन्हा वाढले, ती गोष्ट वेगळी.) पण हातोहाती मोबाइल झाले असे आपण म्हणतो तेव्हा कोणाचे हात मोजतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के होत्या. महाराष्ट्राचाही आकडा साधारण तेवढाच. म्हणजे पुरोगामी म्हणवणाऱ्या या राज्यात जवळपास निम्म्या स्त्रियांना त्या वेळी नवऱ्याच्या, मुलाच्या, दिराच्या मोबाइलवरून बोलावे लागत होते. या पाहणीत आमच्या आईच्या वयाच्या बाया तर मोजलेल्याच नाहीत. मोबाइल माणसाचा असतो, लॅण्डलाइन घराची असते. माणसाचा फोन माणूस खिशात घालून निघून जातो, घराचा फोन घरात राहतो. त्यामुळे मोबाइल आहे म्हणून घरचा फोन नको, हा युक्तिवाद ज्याच्या खिशात मोबाइल आहे तोच करू शकतो.

वकिली करताना आम्ही हे रोज पाहतो. सासरच्या छळाची तक्रार घेऊन येणारी बाई सांगते, माहेरी फोन करता येत नव्हता, समोर कुणीतरी बसलेले असे. तिने आईला सांगितलेले शब्द 'सगळे बरे आहे' हेच असतात, आणि पुढे समोरची बाजू तेच शब्द तिच्या विरोधात वापरते: छळ होता तर फोनवर का सांगितले नाही? कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. संरक्षण अधिकारी आहेत, महिलांसाठी १८१ आहे, तातडीसाठी ११२ आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराविरोधात १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन १३ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झाली. पण हे सगळे आकडे फिरवायला एक फोन लागतो, आणि तो फिरवताना कुणाचा कान नाही अशी चार भिंतींची जागा लागते. हेल्पलाइन सरकार देईल, ही जागा घरानेच द्यायची आहे.

फोनवरचे बोलणे खासगी असते, ही गोष्ट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ च्या पीयूसीएल निकालात स्पष्ट केली. फोन टॅपिंगच्या त्या प्रकरणात न्यायालय म्हणाले की, घरात वा कचेरीत बसून केलेले फोनवरचे संभाषण हा खासगीपणाचा भाग आहे आणि तो अनुच्छेद २१ खाली येतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्कच ठरवला. पण हे दोन्ही निकाल सरकारच्या कानाबद्दल आहेत. घरातल्या कानाचे काय? १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, नवऱ्याने बायकोच्या नकळत रेकॉर्ड केलेले तिचे फोनवरचे बोलणे वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकते. निकालाची कायदेशीर मीमांसा हा वेगळा विषय. आम्ही त्यातून एवढेच घेतो की, घराच्या आतला खासगीपणा कोर्ट आणून देईल या भरवशावर राहता येणार नाही.

म्हणूनच दुसरा साधा फोन समांतर लावण्याची सूचना आम्हाला पटली नाही. समांतर फोनमध्ये आतल्या खोलीत कुणी बोलत असता बाहेरचा रिसीव्हर हळूच उचलला की सगळे ऐकू येते. स्वस्तात हेरगिरीची सोय!

मग कॉर्डलेस तरी खासगी आहे काय? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कॉर्डलेस म्हणजे लाइनला जोडलेला एक तळसंच आणि त्याच्याशी रेडिओलहरींनी बोलणारा हँडसेट. अमेरिकेत जॉर्ज स्वायगर्ट या रेडिओतज्ज्ञाला १९६९ साली याचे पेटंट मिळाले. सुरुवातीचे संच अॅनालॉग होते. त्यांचे बोलणे शेजाऱ्याच्या रेडिओवर किंवा त्याच्याच कॉर्डलेसवर ऐकू येऊ शके. आणि कायदा काय म्हणत होता? १९८६ साली अमेरिकेने दूरसंचारातील खासगीपणा जपणारा कायदा केला, पण हँडसेट व तळसंच यांच्यामधल्या रेडिओच्या भागाला त्यातून वगळले! म्हणजे तारेवरचे बोलणे सुरक्षित, हवेतले मोकाट. ही फट बुजवायला १९९४ साल उजाडले. तंत्र पुढे जाते आणि कायदा मागून धापा टाकत येतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. आताचे संच डिजिटल असतात. त्यांचे बोलणे साध्या रेडिओवर ऐकू येत नाही. म्हणून जुन्या बाजारातला अॅनालॉग संच कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. नवा घेतानाही एक गोष्ट दुकानातच लावून पाहावी: एक हँडसेट बोलत असता दुसरा त्यात शिरू शकतो काय, आणि ती सोय बंद करता येते काय.

विदर्भातल्या माणसाचा पुढचा प्रश्न विजेचा. इकडे 'लाइन गेली' म्हटले की फोनची नव्हे, विजेची लाइन गेली असे समजतात, यातच सगळे आले. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन एक्स्चेंजमधून येणाऱ्या सुमारे ४८ व्होल्टच्या विजेवर चालतो आणि एक्स्चेंजला बॅटरीचा आधार असतो. म्हणून भारनियमनाच्या त्या वर्षांत घरात अंधार असला तरी फोन वाजत असे. कॉर्डलेसच्या तळसंचाला मात्र घरातली वीज लागते. वीज गेली की हँडसेटची बॅटरी भरलेली असूनही तो मुका. त्या काळी कॉर्डलेसच्या विरोधात हा एकच मुद्दा पुरेसा होता. आता फायबर आल्याने चित्र पालटले. फायबरच्या मॉडेमलाच घरची वीज लागते, त्यामुळे वीज गेली की साधा फोनही बंद. तेव्हा ज्यांच्याकडे अजून तांब्याची लाइन आहे त्यांनी कॉर्डलेस घेतला तरी जुना साधा संच फेकू नये. वीज गेली की तो जोडावा. ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांनी मॉडेम आणि तळसंच हे दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीच्या आधारावर ठेवावेत. एकाला आधार दिला आणि दुसऱ्याला नाही, तर उपयोग शून्य.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. खोक्यावर मोकळ्या जागेत ३०० मीटर, घरात ५० मीटर असे छापलेले असते. जाड भिंती आणि स्लॅब असले की ते बरेच कमी होते. त्यामुळे तळसंच घराच्या मध्यावर असावा. हँडसेटमध्ये पुन्हा चार्ज होणारे सेल असतात. ते काही वर्षांनी बदलावे लागतात, आणि त्या जागी घड्याळात घालतो ते साधे सेल कधीही घालू नयेत. अमेरिकेतल्या नातेवाइकाने भेट म्हणून आणलेला संच वापरू नये. तिकडच्या संचांची १९२० ते १९३० मेगाहर्ट्झची लहर आपल्याकडे मोबाइलसाठी ठेवलेल्या पट्ट्यात येते. तसेच २००० नंतरच्या दशकात खपलेले 'वॉकी'सारखे संच म्हणजे कॉर्डलेस नव्हेत. ते थेट टॉवरशी बोलत, आणि त्या सीडीएमए सेवा कधीच्याच बंद झाल्या. कुणी तो कॉर्डलेस म्हणून विकत असेल तर हात जोडावे.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. १९३३ च्या वायरलेस कायद्याने बिनतारी यंत्र जवळ बाळगायलाही परवाना लागे आणि घरगुती कमी शक्तीच्या उपकरणांना सवलत देण्यासाठी वेगळे नियम करावे लागत. तो कायदा आणि १८८५ चा तार कायदा यांची जागा घेण्यासाठी २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला. १ ऑक्टोबर २०१९ पासून कॉर्डलेस फोनला दूरसंचार खात्याची सक्तीची चाचणी व प्रमाणपत्र लागते. ग्राहकाने ते विचारावे आणि पक्के बिल घ्यावे. बिल नसले की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली भांडताना पहिली अडचण तिथेच येते. आपली माणसे दुकानात बिल मागायला संकोचतात. का संकोचावे?

किरणोत्सर्गाची भीतीही काही जण घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या २-ब गटात ठेवले, हे खरे. पण डिजिटल कॉर्डलेस बोलताना सरासरी सुमारे १० मिलिवॅट इतकीच शक्ती बाहेर टाकतो. मोबाइल त्याहून पुष्कळ जास्त टाकू शकतो. ज्या घरात चार मोबाइल उशाशी घेऊन झोपतात, त्या घराने कॉर्डलेसला घाबरावे, याला काय म्हणावे?

राहता राहिला चैनीचा आक्षेप. आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या आश्रमात एक जुना फोन जपून ठेवलेला आहे. गांधीजींशी थेट संपर्क राहावा म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो बसवून घेतला, असे तिथे सांगतात. यंत्रसंस्कृतीवर टीका करणाऱ्या आश्रमालाही फोन लागला, यात आम्हाला विसंगती काढायची नाही. आम्हाला बाबासाहेब आठवतात. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी मांडले की, दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन नाही. हाच निकष घरातल्या यंत्राला लावावा. ज्या यंत्राने घरातल्या सर्वांत दबलेल्या माणसाला थोडी मोकळीक मिळते ती चैन नव्हे. चारचौघांत मिरवण्यासाठी दर वर्षी बदललेला मोबाइल ही चैन. कॉर्डलेसची किंमत त्या मोबाइलच्या मानाने किरकोळ आहे.

तेव्हा आमचा निकाल असा: कॉर्डलेस घ्यावा, आणि दोन हँडसेटचा घ्यावा. एक समोरच्या खोलीत, दुसरा आत, जिथे दार लावता येते तिथे, मोठ्या बटनांचा, आईच्या हाताशी. मात्र यंत्र आणून भागत नाही, त्याची घटना लिहावी लागते. आतला हँडसेट कुणी कायमचा आपल्या खोलीत नेऊन ठेवायचा नाही, नाहीतर घराचा फोन पुन्हा एका माणसाचा झाला. आलेल्या-गेलेल्या नंबरांची यादी तपासत बसायचे नाही. दार लावून कुणी बोलत असेल तर दार वाजवायचे नाही. आणि फोन ठेवल्यावर 'कोणाचा होता?' एवढेच विचारायचे. 'काय बोलली?' हा प्रश्न नव्हे, ती उलटतपासणी आहे, आणि ती कोर्टातच शोभते. ११२, १८१, १४५६६ हे आकडे फोनच्या वर भिंतीवर ठळक लिहून लावायचे. १५ जानेवारी २०२१ पासून लॅण्डलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. तेही तिथेच लिहायचे, कारण म्हाताऱ्या माणसाचा फोन लागत नाही तो पुष्कळदा एवढ्यासाठीच.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी लॅण्डलाइन नसेल, कॉर्डलेसचा प्रश्नच नसेल. त्यांच्यासाठी प्रश्न वेगळ्या रूपात आहेच: घरात एखादा मोबाइल असा आहे काय, जो कुणाच्याही खिशात जात नाही, ज्याचे लॉक सगळ्यांना ठाऊक आहे आणि जो घेऊन घरातली कोणतीही बाई आतल्या खोलीत जाऊ शकते? नसेल तर एक साधा बटनाचा फोन त्या कामी ठेवा. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की, सामाजिक लोकशाहीच्या पायाशिवाय राजकीय लोकशाही टिकणार नाही. तो पाया घरातूनच भरायला लागतो. मोर्च्यात आपल्या बाया पुढे चालतात, घोषणा देतात, त्यांचा आवाज चौकात घुमतो. त्याच बायांना घरात लेकीशी बोलताना आवाज खाली करावा लागू नये, इतकी सोय तरी आपण करू या.